कव्हरवरचं धोतर

संगमनेरच्या एसटीत शेजारचा माणूस टेरिलीनच्या पँटवरच धोतर नेसत होता. सीटवर क्लॅरिनेट ठेवलं होतं.

"लग्नात वाजवायचंय. आमच्या पार्टीची रेकॉर्ड निघाली ना," तो म्हणाला.

कव्हरच्या फोटोसाठी मुंबईच्या कंपनीने सगळ्यांना धोतरं नेसवली होती आणि याच्या हातातलं क्लॅरिनेट काढून तुणतुणं दिलं होतं. खेड्यातली पार्टी खेड्यातली दिसायला हवी, हे साहेबांचं मत.

"मागं एका लग्नाला पँटीत गेल्तो. नवरीचा बाप म्हनला, 'तुमी रेकॉर्डवाले न्हाई,' आन् परत धाडलं. सोता पँटीतच हुता!"

"मग तुणतुणं?"

त्याने मागच्या सीटवर झोपलेल्या फेटेवाल्याकडे बोट दाखवलं.

"ते धराया मेव्हना ठेवलाय. वाजवता येत न्हाई, पन हार पयला त्यालाच पडतो."