पेपर वाचून दाखवणारा ब्राउझर

लॅपटॉप विकत घेतला की त्यात कंपनीने एक ब्राउझर आधीच घालून दिलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही. लोक तो एकदाच उघडतात, तेही सगळे वापरतात तो दुसरा ब्राउझर डाउनलोड करायला, आणि नंतर त्याचं तोंडही बघत नाहीत. आमच्या घरात मी मात्र तोच ठेवला. हौस म्हणून नाही. तलासरीच्या ऑफिसातून घरी येऊन, कुकर लावून, चांगले चार-पाच ब्राउझर लावून बघितले आणि मग ठेवला.

हे सगळं बाबांसाठी. बाबा मास्तर होते, कोसबाडच्या बाजूच्या पाड्यांवर त्यांनी उभा जन्म शिकवलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. स्वतःच्या हाताची बोटं दिसत नाहीत, पण सकाळी पेपर पाहिजेच. तो आधी मी वाचून दाखवायचे. चहा उकळतोय, डबा भरायचाय, डहाणू स्टेशनवरून सुटणारी एसटी गाठायचीय आणि मी अग्रलेख वाचतेय. त्यात बाबा प्रत्येक ओळीला अडवणार. "पाणी म्हण, पानी नाही. कुणी शिकवलं तुला?" तुम्हीच शिकवलंत की! रोज उशीर व्हायचा, रोज साहेबांची बोलणी खायची. आणि मी निघाल्यावर बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा म्हणाले, "पेपर बंद झाला ना पोरी, की मी संपलो." बाबा उगाच काही बोलणारे नाहीत. मला ते लागलं.

म्हणून ब्राउझर शोधायला बसले. ब्राउझर निवडताना लोक काय बघतात? वेग. मला वेग घेऊन काय करायचाय? आमचे बाबा एका बातमीवर अर्धा तास चिडतात. मला एकच गोष्ट हवी होती, पान उघडलं की मराठी नीट मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. एका ब्राउझरात हिंदी आवाज होता, तो 'डोळे'चं 'डोले' करायचा. बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "बंद कर ते!" म्हणून ओरड केली. दुसऱ्यात आवाजच नव्हता. आणि ज्याला सगळे हसतात त्या आयत्या मिळालेल्या ब्राउझरात चक्क मराठी बाईचा आवाज निघाला, ळ आणि ण दोन्ही जागेवर. बाबा कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही बाई शिकलेली दिसते."

इतकी वर्षं मी या घरात पेपर वाचतेय. मला कधी म्हणाले नाहीत.

असो. आवाज मिळाला, पण बाई बातमीबरोबर जाहिरातीही वाचायची. कुणाच्या तरी निधनाची बातमी चालू आणि मध्येच "पोटाची चरबी झटपट घटवा". म्हणून ब्राउझरला वरून जोडायचं, जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन टाकलं. पानावरचा बाकी पसारा काढून नुसती बातमी ठेवणारं दुसरं टाकलं. तिसरं काळ्यावर पिवळी अक्षरं करणारं, कारण बाबांना पिवळ्याची थोडी झाक दिसते, मथळा आहे एवढं कळतं. बस्स, तीनच. एक्स्टेन्शनं उगाच भाराभर घालू नयेत, ब्राउझर धापा टाकायला लागतो, आणि प्रत्येक एक्स्टेन्शन कसली कसली परवानगी मागतं तेही वाचावं. मी वाचलं. सकाळी निघताना बातम्यांची पानं ओळीने उघडून ठेवायचे. कुठली बटणं दाबायची ते बोटांना कळावं म्हणून त्यांच्यावर चिकूच्या बिया गोंदाने चिकटवल्या. आमच्याकडे चिकूच्या बियांना काय तोटा! बाबा चुकत माकत शिकले. शेजारच्या मावशी बंदरावरून मासळी आणून दारोदार विकतात. त्याही दुपारी टोपली रिकामी करून पायरीवर ऐकायला बसायला लागल्या. संध्याकाळी मी घरी आले की बाबा भांडायच्या तयारीत असायचे, सरकारशी, महापालिकेशी, क्रिकेटवाल्यांशी. भांडण करणारा माणूस जिवंत असतो. मला बरं वाटायचं.

मग दिवाळीला भाऊ आला.

भाऊ माझ्यापेक्षा लहान, पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. कंपनी कंप्युटरची आहे एवढं खरं. हा तिथे लोकांच्या रजा मंजूर करतो. पण बाबांच्या लेखी कंप्युटरमधलं कळतं ते त्यालाच. मी दिवसभर ऑफिसात कंप्युटरवर मान मोडून घेते, तर मी कारकून. भाऊ म्हणजे गळ्यातला ताईत. वर्षातून एकदा येतो, करंज्या खातो, बाबांच्या पायाशी बसून फोटो काढतो.

मी स्वयंपाकघरात होते. आतून ऐकू आलं, "ताई, हा ब्राउझर कोण वापरतं गं? आणि ही घाण काय चिकटवलीय?" मी हात पुसून बाहेर येईपर्यंत पठ्ठ्याने नखाने बिया उपटल्या होत्या. मी म्हणाले, "अरे, त्या बाबांसाठी आहेत." तर म्हणे, "अगं, ही एक्स्टेन्शनं धोकादायक असतात, सगळी माहिती चोरतात. मी एकदम भारी सेटअप करून देतो. वाचून दाखवायचंच ना? तेही टाकतो." बाबा पलंगावरून म्हणाले, "करू दे गं त्याला. त्याचा धंदाच आहे तो."

त्याने भारी सेटअप केला. वेगवान ब्राउझर, वाचून दाखवणारं नवं एक्स्टेन्शन, सगळं एका मोठ्या बटणावर. एक इंग्रजी पान लावून दाखवलं. गोऱ्या साहेबासारखा आवाज फाडफाड बोलला, बाबांनी मान डोलावली. मराठी पान लावून बघायचं त्याला सुचलं नाही, आणि मला बघू कोण देतंय? दुसऱ्या दिवशी तो गेला.

मी रोज विचारायचे, "बाबा, नवं नीट चाललंय ना?" "चाललंय की." संध्याकाळी भांडण मात्र नाही. जेवायचे आणि झोपायचे. मला वाटलं, सणानंतरचा थकवा असेल.

शेवटी मावशींनी मला फाटकातच गाठलं. "बाय, तुझा बापूस मशीनपुढं बसतो नि मशीन नुसतं आकडं बोलतं गं. कायतरी इंग्रजी आकडा बोलतं, मग गप. परत एक आकडा, परत गप. नि हा ऐकत रहातो."

मी आत जाऊन ते बटण दाबलं. तो इंग्रजी आवाज! त्याला मराठी अक्षर ओळखताच येत नव्हतं. सगळी बातमी गाळून तो फक्त आकडे वाचत होता. शांतता. "ट्वेल्व्ह." शांतता. "फोर हंड्रेड." कशाचे बारा, कशाचे चारशे, काही नाही. आणि माझा बाप दिवाळीपासून रोज हे ऐकत बसला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, बोलला का नाहीत?"

"नवीन आहे," बाबा म्हणाले. "सवय व्हायला वेळ लागतो. त्याने एवढं करून दिलंय."

मी मशीन बिघडवलं असतं तर? गावभर ऐकू गेलं असतं. भावाला फोन लावला, तो म्हणाला, "अगं, सेटिंगमध्ये असेल बघ कुठेतरी," आणि ठेवला. रविवारी सकाळी त्याचा नेहमीचा फोन आला तेव्हा बाबा त्याला हळूच, गुन्हा कबूल करावा तसं म्हणाले, "बाळा, जरा मराठीला अडतंय रे." हा म्हणाला, "बघतो हां बाबा, इथूनच करतो काहीतरी."

त्याने काय करायचंय, कप्पाळ! दुपारी बाबा झोपले तेव्हा मी बसले. त्याचं एक्स्टेन्शन काढलं, जुना ब्राउझर परत लावला, माझी तिन्ही एक्स्टेन्शनं परत घातली, आवाज परत निवडला, नव्या बिया चिकटवल्या. पाठीचा काटा ढिला झाला. पण खरं सांगते, मी खुश होते. बाबा उठतील, ऐकतील, मग काही तरी म्हणतील असं मला वाटत होतं. मोठं काही नको होतं. "चांगलं केलंस", इतकंच. पन्नाशीला आलेली बाई, पण हवं होतं. का नको?

बाबा उठले. मी त्यांची बोटं बियांवर ठेवली. बाई वाचायला लागली, स्वच्छ, ठसठशीत. बाबांचा चेहरा असा फुलला, तसा मी तो कित्येक दिवसांत बघितला नव्हता. त्यांनी वाचन थांबवलं आणि म्हणाले, "बघितलंस? सकाळी त्याच्या कानावर घातलं, दुपारी झालं. फोन लाव त्याला."

मी लावला. स्पीकरवर ठेवला.

"बाळा, झालं रे! अगदी पहिल्यासारखं!"

पलीकडून भाऊ म्हणाला, "झालं ना बाबा? छान. अजून काही लागलं तर सांगा."

"अरे, काय केलंस तू? सांग ना," मी म्हणाले.

"ताई, मीटिंग आहे, नंतर बोलतो."

रविवारची मीटिंग! फोन कट.

"बाबा," मी म्हणाले, "त्याने काही केलेलं नाही. त्याने मोडलं होतं. मी लावलं. आधीही मीच लावलं होतं."

"अगं हो, हात तुझेच होते, कोण नाही म्हणतंय? त्याने सांगितलं असेल तसं तू केलंस."

"त्याने काहीही सांगितलं नाही! माझं मला येतं, बाबा. मी शोधलं, मी शिकले, मी..."

बाबांनी तोवर बिया चाचपून बटणं दाबली होती. बाई वाचू लागली. मी बोलतच होते. बाबांनी हात वर केला, वर्गातल्या पोरांना करायचे तसा, आणि कान मशीनकडे वळवला.

"पोरी, जरा गप बस. ती वाचतेय."