मिरबातचा किल्ला आम्ही कसा पाडला

ओमानमधल्या धोफारच्या यादवी युद्धात मिरबातचा किल्ला पडला नाही, असं इतिहास सांगतो. आमच्या घरच्यांनी तो दुपारच्या जेवणाआधी पाडला.

मी मस्कतला कॉलेजात शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच (त्यामुळे नापास झाल्यावर घरी काय सांगायचं, हेही मला कुणी शिकवलेलं नव्हतं). इतिहासात मी एकदा नापास झालो होतो. सरांनी शेवटची संधी दिली: एखाद्या रणभूमीवर जा, तिथे मेलेल्यांचं स्मरण करणारं दहा मिनिटांचं चित्रण करा, मध्ये न थांबवता. संध्याकाळी सहापर्यंत पाठवलं नाही, तर वर्ष गेलं!

खरीफच्या पावसात सलालाहला काकांकडे जायचं ठरलेलंच होतं. (काका तिथल्या बंदरात क्रेन चालवतात, बाबा रुसैलच्या एका कारखान्यात वायरमन.) मिरबात तिथून तासाभरावर. शेवटच्या दिवशी बाबा, आई, काका, धाकटी बहीण पिंकी आणि कोंबडी-वड्यांचे डबे घेऊन आम्ही निघालो. किल्ला छान राखलेला आहे. समोर मोकळं मैदान, मागे डोंगर. म्हणजे असावेत. धुकं इतकं होतं की मला किल्लासुद्धा हाताने चाचपून शोधावा लागला!

"अरे, मेलेल्या माणसांवर बोलणार आहेस," आई म्हणाली, "जरा केस तरी विंचर."

नुसतं भाषण मलाच कंटाळवाणं वाटत होतं. म्हणून एक कल्पना सुचली. (मला कल्पना सुचू नयेत, असं आता माझं मत झालं आहे.)

"बाबा, ते... तुम्ही आणि काका जरा उभे राहाल का? यादवी म्हणजे एकाच घरातली माणसं समोरासमोर, असं दाखवायचं होतं. तुम्ही किल्ल्यापाशी. काका डोंगराच्या बाजूला, तिथून हल्ला करत येतील."

"जिंकतं कोण?" काकांनी विचारलं.

"किल्ल्यातले."

"मग मी किल्ल्यात."

"मी मोठा आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच! गावाला खेळताना पण कायम हाच राजा आणि मी चोर. आता पन्नाशी आली दादा, एकदा तरी मला जिंकू दे!"

"काका, पण तो... इतिहास आहे. तुम्हाला हरावंच लागेल."

"बघू. इन्शाल्ला," म्हणत काका गाडीत बसले आणि धुक्यात दिसेनासे झाले. हल्लेखोर गाडीतून गेले, ते ठीक. पण डबे गाडीत होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पिंकीने मोबाइल सुरू केला. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि अडखळत वाचू लागलो. वर बघितलं की मी विसरतो, म्हणून मी वर बघतच नाही. मध्येच लांबून काकांची आरोळी आली. मला वाटलं, काका जीव ओतून हल्ला करताहेत! आणखी जोर लावून मी वाचत राहिलो.

पुढचं मला चित्रण पाहून कळलं. काका ओरडत होते, "दादा, शरण ये! वडे गार होतात!"

"भाऊजी, रस्सा सांडेल हं!" म्हणत आई तिकडे निघाली. ती परत आली नाही. पाठोपाठ मोबाइल गळ्यात अडकवून, चालूच ठेवून, पिंकी फितूर झाली. "दादा इज स्टिल ऑन पेज टू," ती आईला सांगताना ऐकू येते. बाबा शेवटपर्यंत लढले. शेवट म्हणजे दीड मिनिट.

"मी हटणार नाही!" त्यांची गर्जना. मग जरा खालच्या आवाजात, "तंगडी ठेवली आहेस ना रे?"

बाबा दोन्ही हात वर करून धुक्यातून येताना दिसतात. काका गाडीच्या टपावर थापा मारत नाचताना दिसतात. किल्ला पडला!

एवढ्यात चित्रात एक म्हातारे ओमानी गृहस्थ येतात. दंगा ऐकून आले असावेत. काकांनी त्यांना आग्रहाने बसवलं. "हलाल है, बाबा, बैठो बैठो." म्हाताऱ्याने वडा घेतला, कान टवकारले आणि विचारलं, "उदर कौन बात करता?"

"हमारा लडका," आई अभिमानाने म्हणाली. "कॉलेज में है."

"किससे बात करता?"

काकांनी विषय बदलत, आपण आत्ताच लढाई जिंकल्याचं त्यांना सांगितलं. म्हातारा हसला. मग म्हणाला, "हमारा एक चाचा ऊपर जबल में था, पहाड में. दूसरा चाचा इदर, किल्ले में."

"फिर कौन जीता?" काकांनी विचारलं.

"मालूम नहीं. हमारा दादी दोनों के लिए रोया."

बाबांच्या हातात वडा तसाच. काका बाबांच्या शेजारी जागा करून बसतात. आई म्हाताऱ्याच्या ताटात न विचारता रस्सा वाढते. अर्धा मिनिट आमच्या घरातली चार माणसं एकाच वेळी गप्प बसली, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मोबाइलची बॅटरी संपली.

पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता. पिंकीने घरी मोबाइल चार्जिंगला लावून सरांना कळावं म्हणून सगळ्यांच्या बोलण्याखाली इंग्रजी ओळी टाकल्या आणि सहाला पाच मिनिटं असताना मी डोळे मिटून ते सरांना पाठवून दिलं.

मी पास झालो. सरांनी शेरा लिहिला, "सुरुवात कच्ची. शेवटची दोन मिनिटं मात्र फार संयमाने हाताळली आहेत." त्या दोन मिनिटांत मी कुठेच नाही. मी तेव्हा रिकाम्या किल्ल्यापुढे एकटाच उभा राहून, मान खाली घालून, शत्रू कसा माघारी पळाला त्याचं वर्णन करत होतो.