तमिळ परदेशी नाही म्हणे

कॉलेजमधल्या त्या खोलीची नुसती आठवण झाली तरी आजही माझं डोकं तापतं. एसी सुरू होता, टेबलावर कॉफी होती, आणि इंटरनॅशनल स्टडीजचे आमचे सर मला अगदी गोड आवाजात समजावत होते की तमिळ ही काही परदेशी भाषा नव्हे.

मी मुळात अर्थशास्त्राची. बाबांची बँकेतली बदली सोलापूरहून चेन्नईला झाली, आम्ही तांबरमला भाड्याने राहायला आलो आणि मी तिथल्याच एका कॉलेजात प्रवेश घेतला. मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर घेता येई, म्हणजे दुसऱ्या विषयाचा छोटा अभ्यासक्रम. मी इंटरनॅशनल स्टडीज घेतलं. थोडा इतिहास, थोडं राज्यशास्त्र, थोडा व्यापार, एक परदेशी भाषा, आणि शेवटी त्या भाषेच्या आधाराने केलेला एक प्रकल्प. चार विभागांचा विषय असल्यामुळे त्याला कुणी वालीच नव्हता. इतिहासवाले म्हणायचे, राज्यशास्त्राकडे विचारा. राज्यशास्त्रवाले म्हणायचे, आज आमच्या मुलांची चाचणी आहे, तुम्ही मायनरवाले बाहेर थांबा. तरीही मला तो विषय मनापासून आवडायचा. आई म्हणायची, "सगळ्या जगाची चौकशी करतेस, आणि दुधाला विरजण लावायचं तेवढं विसरतेस."

भाषा म्हणून बहुतेकांनी फ्रेंच घेतलं. मी म्हटलं, आपण तमिळ घेऊ. श्रीलंकेत ती राजभाषा आहे, सिंगापुरातही आहे, आणि मला तर तिचं एक अक्षरही येत नव्हतं. तेव्हा हा विषय बघणाऱ्या मॅडम "पाक्कलाम" म्हणाल्या. पाक्कलाम म्हणजे बघू. चेन्नईत बघू म्हणाले की बहुतेकदा ते नाही असतं, हे मला तेव्हा कुठून माहीत असणार? मी तो होकार समजून कामाला लागले. पुढे मॅडम दुसरीकडे गेल्या आणि हे सर आले.

मला तमिळ शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या अम्मांनी. त्या श्रीलंकेतल्या जाफन्याच्या. तिकडे शाळेत भूगोल शिकवायच्या. युद्धाच्या काळात नवऱ्याबरोबर होडीतून इकडे आल्या. नवरा इथेच गेला. आता त्या आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेत. चेन्नईची माणसं होकाराला "आमा" म्हणतात, अम्मा "ओम्" म्हणत. मला हाक मारायच्या "पिळ्ळै", म्हणजे लेकरू. इतकी वर्षं इथे काढूनही सरकारदरबारी त्या परदेशीच होत्या. ठरलेल्या दिवशी पोलीस स्टेशनात हजेरी लावायला जात. मदुरैला एका लग्नाला जायचं होतं, तर त्यासाठीही परवानगी काढावी लागली.

माझा प्रकल्प त्यांच्यावरच होता. आधी त्या तयार होईनात. "हे लिहून काय होणार, पिळ्ळै?" म्हणाल्या. मी सांगितलं, पास झालेले प्रकल्प बांधून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवतात, पुढची मुलं वाचतात. हे ऐकून त्या जरा सावरून बसल्या. "मग नीट लिही," म्हणाल्या, आणि होडीत कोण कोण होतं, त्यातलं कोण पोचलं नाही, ते सांगू लागल्या. हे सगळं त्यांनी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. मी लिहिलेलं वाचून दाखवायचे तेव्हा डोळे मिटून ऐकायच्या आणि एखादं गाव चुकलं की तिथेच थांबवायच्या.

आता सरांकडे येते. पोंगलच्या कार्यक्रमात पांढरी शुभ्र वेष्टी नेसून त्यांनी भाषण ठोकलं होतं: तमिळ समुद्र ओलांडून गेली, देशोदेशी नांदते, ती जगाची भाषा आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जास्त मीच वाजवल्या असतील. त्यामुळे मी प्रकल्प घेऊन गेले ती अगदी निर्धास्त. सरांनी तो उघडलासुद्धा नाही.

"नियम परदेशी भाषेचा आहे. तू फ्रेंचची परीक्षा दे आणि प्रकल्प त्यावर कर."

"सर, श्रीलंका परदेश नाही का?"

"आहे. पण तमिळ आमची भाषा आहे."

"तुमची आहे हो! मी सोलापूरची आहे."

ते हसले. "फ्रेंच सोपं असतं. सगळे पास होतात."

ते मात्र खरं होतं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी पॅरिसच्या हॉटेलात सूप मागवण्याचा संवाद घोकून पास झाली होती. तिचा प्रकल्प पॅरिसच्या पर्यटनावर होता, आणि तो इंटरनेटवरून उचललेला आहे हे तिने स्वतःच मला हसत हसत सांगितलं होतं. तो बांधून ग्रंथालयात गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आई म्हणाली, "अगं, देऊन टाक ना ती परीक्षा. काय बिघडतं?" बाबा बँकेतले, ते म्हणाले, नियम तो नियम. मी फ्रेंच घेतलं असतं तर मायनर मिळालं असतं आणि अम्मा ग्रंथालयाबाहेर राहिल्या असत्या, हे काही त्यांच्या गळी उतरेना. मी फ्रेंच घेतलं नाही.

अम्मांना सांगायला खाली गेले तेव्हा त्या नुकत्याच स्टेशनातून हजेरी लावून आल्या होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तमिळ परदेशी नाही म्हणे. त्या म्हणाल्या, "स्टेशनातल्या साहेबाला मी दर वेळी तमिळमध्येच सांगते, मला आता इथलीच माना. तोही तमिळमध्येच सांगतो, तुम्ही परदेशी आहात."

दुसऱ्या दिवशी मी परत सरांकडे गेले. इंग्रजीत एक शब्द बोलले नाही. अम्मांचं वाक्य त्यांच्याच तमिळमध्ये, जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हटलं, ही बाई तुमच्या ग्रंथालयात यायला हवी. सरांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. प्रकल्प माझ्याकडे परत सरकवला. आणि तोंडभर कौतुकाने म्हणाले, "किती सुंदर तमिळ बोलतेस! तुला आता कोण परकी म्हणेल?"