नंबर दिला नव्हता

नाशिकच्या उपनगर भागात, विहाराच्या मागच्या गल्लीत सुमनबाई पगारे राहतात. वय एकसष्ट, गुडघे त्याहून जुने. सत्तावीस वर्षं त्यांनी मनमाड आणि नांदगावच्या मधलं रेल्वेचं एक फाटक सांभाळलं. नवरा रुळांच्या देखभालीवर गँगमन होता. तो गेल्यावर अनुकंपेवर ही नोकरी मिळाली. लोकांना वाटतं, फाटकवालीचं काम म्हणजे काय, दांडा खाली आणि दांडा वर. असं म्हणणाऱ्याला एक पाळी त्या केबिनमध्ये बसवावं, भरदिवसा तारे दिसतील.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाई वाचायच्या. विहाराच्या ग्रंथालयातली विज्ञानाची पुस्तकं वाचून संपली, तेव्हा स्वतःच लिहायला लागल्या. ग्रह, यानं, परक्या सूर्याखालची शेती. तीन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. त्यातल्या एकीवर नाव पडलं, 'सुमन पगार'. शेवटची मात्रा कुणीतरी खाल्ली होती. बाईंनी तो अंकही जपून ठेवला आहे, पण कुणाला दाखवत नाहीत.

मागच्या वर्षी प्रकाशक खंडेराव बोरस्ते घरी आले. मुलांच्या एका कार्टून मालिकेतल्या एका भागावरून कादंबरी काढायची होती. अवकाशात ध्रुव जंक्शन नावाचं ठाणं, तिथं येणारी-जाणारी यानं. बावीस मिनिटांचा भाग, त्याची दीडशे पानं करायची.

"सुमनताई, मुखपृष्ठावर तुमचं नाव राहील," खंडेराव म्हणाले. "चांगलं ठळक."

बाईंनी तो भाग एकतीस वेळा बघितला. तो काढणाऱ्यांनीसुद्धा इतक्या वेळा बघितला नसेल. मुलगी पायल महापालिकेत कारकून आहे. ती संध्याकाळी आईची वही घेऊन टाइप करायला बसायची. आठ प्रकरणं सुरळीत झाली. मग गाडी अडली.

भागाच्या शेवटी ठाण्याच्या तोंडाशी एक बिघडलेलं यान अडकतं, आत कामगार असतात. मागून नायकाचं यान भरधाव येतं. "रस्ता मोकळा आहे, दार उघड," तो ओरडतो, दारावरचा यंत्रमानव बटण दाबतो, आणि अडकलेलं यान नेमकं त्याच क्षणी सुटतं. पोरं टाळ्या वाजवतात. सुमनबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"ह्यानं बघितलं कुठं? बघितल्याबिगर बटण दाबलं?"

"आई, कार्टून आहे ते."

"म्हनून काय मान्सं मारायची?"

फाटकावरची रीत अशी असते. स्टेशनमास्तर फोन करतो, फाटक बंद कर. तो जे बोलेल ते फाटकवालीने शब्दन् शब्द परत म्हणायचं. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकलं. मग दांडा खाली घ्यायचा, कुलूप लावायचं, रूळ डोळ्यांनी बघायचे आणि त्यानंतरच छापील तक्त्यावरचा पुढचा दोन आकडी नंबर मास्तरला द्यायचा. मास्तर तो लिहून घेतो. नंबर दिला म्हणजे मी बघितलं आहे, आता जबाबदारी माझी. नंबर मिळेपर्यंत गाडीला सिग्नल पडत नाही, मग मास्तर कितीही तडतडू दे.

बाईंनी यंत्रमानवाला सुट्टी दिली आणि दारावर कुसाबाई नावाची एक बाई बसवली. नायक ओरडतो, दरडावतो, कुसाबाई नंबर देत नाही. नवव्या प्रकरणाची सोळा पानं काहीही हलत नाही, आणि वाचणाऱ्याचा श्वास वर अडकतो. ते टाइप करताना पायलने कुकरच्या सात शिट्ट्या होऊ दिल्या, डाळीचा लगदा झाला. तो लगदा खाताना सुमनबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण खरोखर लेखिका आहोत.

कादंबरी पूर्ण करून पाठवल्यावर आठवड्याने पुण्याहून फोन आला. अफिफा शेख, मालिकेच्या मुख्य लेखिका. त्यांच्या संमतीशिवाय पुस्तक निघणार नव्हतं.

"मॅडम, फार छान लिहिलंय. पण नववं प्रकरण मूळ भागात नाही. तेव्हा नववं प्रकरण काढायचं आणि यंत्रमानव परत आणायचा."

सुमनबाई फोनवर नेहमी उभ्या राहून बोलतात. "नववं परकरन काढायचं, यंत्रमानव परत आनायचा," त्यांनी स्वच्छ आवाजात परत म्हटलं.

"थँक यू मॅडम," म्हणून अफिफाने फोन ठेवला. बाईंनीही ठेवला. निरोप ऐकून झाला होता. होकार कुणी मागितला नव्हता आणि बाईंनी दिला नव्हता. तो मागायला परत फोन येईल, तेव्हा काय ते सुनावू, असं त्यांनी ठरवलं. फोन काही आला नाही.

आलं ते थेट छपाईआधीचं पुस्तक, मुखपृष्ठासकट. लाल ठळक अक्षरांत सुमन पगारे, एकही मात्रा न खाता. पायल नावावरून बोट फिरवत राहिली. बाईंनी पानं उलटली. कुसाबाई कुठेच नव्हती.

त्यांनी चप्पल पायात सरकवली, ते पुस्तक काखेत घेतलं आणि रिक्षाने रविवार कारंजावर खंडेरावांचं ऑफिस गाठलं.

"अहो, तुम्हीच फोनवर होकार दिलात की," खंडेराव म्हणाले.

"व्हकार नाय. ऐकलं म्हनले मी. नंबर कुठं दिला व्हता?"

खंडेरावांनी डोक्याला हात लावला. "सोमवारी छपाई आहे, ताई. आता मालिकावाल्यांच्या मनाविरुद्ध गेलो तर ते पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घेतील. नाव जाईल तुमचं."

"जाऊ द्या. कुसाबाई नसंल तर त्या पुस्तकावर माझं नाव नको."

बोलून गेल्या. त्या नावाची वाट त्यांनी वीस वर्षं बघितली होती, आणि त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. खंडेरावांनी अफिफाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"अफिफाताई, मी फाटकावर व्हते," सुमनबाई उभ्या राहून बोलू लागल्या. "एक दिस नांदगावच्या बाजारची ट्रॅक्टर-ट्रॉली रुळात फसली. वर अकरा बाया. मास्तर फोनवर, नंबर दे, नंबर दे, गाडी उभी हाय. साहेबाचं नाव घेऊन दम दिला. मी म्हनले, ऐकलं, पन नंबर नाय देनार. चौदा मिन्टं. मग ट्रॉली निघाली, मी रूळ बघितले, मग दिला. मला बक्षीस नाय भेटलं, गाडी लेट केली म्हनून खुलासा लिहावा लागला. त्या अकरा जनी जित्या हायेत. तुमच्या यंत्रमानवाला ह्ये जमायचं नाय."

खंडेराव पंख्याकडे बघत बसले.

"मॅडम," अफिफा म्हणाली, "नववं प्रकरण परत घ्यायचं. दारावर कुसाबाईच राहील."

"नववं परकरन परत घ्यायचं. दारावर कुसाबाईच राहील," सुमनबाईंनी म्हटलं. खंडेराव हसून फोन बंद करायला गेले, तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"नंबर द्या," त्या फोनला म्हणाल्या.

अफिफाकडे कुठला आला तक्ता? पण नववं प्रकरण तिने वाचलं होतं. ती सावकाश, नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस," सुमनबाई म्हणाल्या. खंडेरावांचं पेन घेऊन त्यांनी मुखपृष्ठावर, आपल्या नावाशेजारी तो आकडा लिहिला, खाली वेळ घातली आणि सही केली. परत जाताना रिक्षात ते मुखपृष्ठ त्यांनी छातीशी धरलं होतं, छापलेली बाजू बाहेर करून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल असं.