कोरमचा उमेदवार

खोलीतून बाहेर आला की तो आधी शर्टाची वरची गुंडी सोडायचा, मग रुमालाने मान पुसायचा आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचा, "चांगला झाला जी. लयच चांगला झाला."

चार वर्षांत आमच्या ऑफिसात त्याच्या नऊ मुलाखती झाल्या आणि नऊच्या नऊ चांगल्या झाल्या. बाकीच्या ऑफिसांतल्या वेगळ्या, त्याही चांगल्याच झाल्या असणार. नोकरी मात्र एकीतूनही लागली नाही.

सरकारी ऑफिसाच्या व्हरांड्यात कधी ताटकळत बसला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. बाकाच्या टोकाला बसतो, कुणी आलं की आणखी सरकून जागा देतो, आणि शेवटी अर्धा बाकावर, अर्धा हवेत राहतो. आपण त्याच्याकडे पाहतो आणि विसरतो. मला विसरता येत नाही, कारण त्याला आत सोडणारा मीच होतो.

पंचाहत्तर ते एकोणऐंशी ही ती वर्षं. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात मी आस्थापना शाखेत कारकून होतो. ऑफिसाचं नाव सांगत नाही. सांगून तरी काय, उडदामाजी काळे-गोरे काय निवडावे. मुलाखतीच्या दिवशी माझं टेबल व्हरांड्यात लागायचं. उमेदवारांचे मूळ दाखले तपासायचे, हजेरीची सही घ्यायची आणि आतून घंटा वाजली की एकेकाला आत सोडायचं, एवढं माझं काम.

माझ्याजवळ नावांची यादी असे. त्या यादीत मोठ्या साहेबांनी आदल्याच दिवशी एका नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलेलं असे. टिंब म्हणजे तो लागला. मग उरलेले कशाला? तर नियम होता की एका जागेसाठी सेवायोजन कार्यालयाकडून किमान पाच नावं मागवायची आणि त्यातली निदान तीन माणसं हजर पाहिजेत. म्हणजे एक लागणारा आणि बाकीचे नियम पुरा करणारे. या बाकीच्यांना आमच्या ऑफिसात 'कोरम' म्हणत. "कोरम भरला का?" साहेब आतून विचारायचे, आणि मी म्हणायचो, "भरला साहेब." आज हे लिहिताना तोंड कडू होतं. तेव्हा होत नसे, याची मला जास्त किळस येते.

तो आमचा कायमचा कोरम होता. त्याचं सेवायोजनाचं कार्ड जुनं, नूतनीकरणाची तारीख त्यानं कधी चुकवलेली नाही, त्यामुळे त्याचं नाव दर वेळी यायचंच.

पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं, "जी, अंदर पंखा असते का?"

"असतो. काहून?"

"कागदं उडते नं."

मागे कुठल्याशा मुलाखतीत पंख्याने त्याचे सगळे दाखले उडाले होते. हा टेबलाखाली शिरून ते गोळा करत होता आणि तेवढ्यात साहेबलोकांनी "ठीक है, जाइए" म्हटलं होतं. तेव्हापासून तो पँटच्या खिशात नदीतले दोन गुळगुळीत गोटे घेऊन यायचा. आत गेला की दाखले टेबलावर ठेवायचा आणि त्यावर दोन गोटे. हे पाहून बोर्डावरचे साहेब हसत. मीही हसलो होतो.

तो नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. बी.कॉम. झालेला, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग पास. पहाटेच्या एस.टी.ने निघायचा आणि साडेनऊला, म्हणजे आमचा झाडूवाला यायच्या आधी, व्हरांड्यात हजर. घरी संत्र्याची बाग होती, दोन मोठे भाऊ होते. मी एकदा म्हटलं, "अरे, बाग आहे ना घरची? कशाला इथे चपला झिजवून राहिला?"

"दोघं पुरे हायेत जी बागेले," तो म्हणाला. "मी गेलो तं काम नाही वाढत, नुसतं उभं राहनारं मानूस वाढते."

खरी गोष्ट त्यानं नंतर सांगितली. त्याला पहिलं बोलावणं आलं तेव्हा पोस्टमननं ते पाराजवळ मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून गाव त्याला 'साहेब' म्हणत होतं. पहिल्या वर्षी कौतुकाने, पुढे सवयीने. "आता हासून राहिले का खरंच म्हनून राहिले, मले समजतच नाही जी," तो म्हणाला. "एक डाव लागली नं नोकरी, तं त्याईचंही खरं होईन अन् माह्यंही." त्याला नोकरी हवी होती ती एवढ्यासाठी. अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत ती लागली नाही तर सरकारी दार कायमचं बंद होणार होतं.

आतल्या प्रश्नांबद्दल न बोललेलंच बरं. एक साहेब प्रत्येकाला विचारायचे, पृथ्वीपासून सूर्य किती लांब? जागा आवक-जावक कारकुनाची. त्याला फार तर पोस्ट ऑफिस किती लांब आहे हे माहीत असावं लागतं. दुसरे, म्हणजे मोठे साहेब, आडनाव ऐकून "म्हणजे कोण तुम्ही?" विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावर डोळे मिटून घ्यायचे. तिसरे फक्त पाणी प्यायचे. हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलं, कारण बाकावर बसलेल्या नव्या पोरांना तो ते शिकवायचा. "सूर्याचं पाठ करून घे गा. अन् पानीवाल्याकडे पाहून बोल, थो मान हालवते, आपल्याले धीर येते." त्यानं शिकवलेली दोन-तीन पोरं लागलीसुद्धा. अर्थात टिंबाची. पण याला वाटे, आपल्या शिकवण्याने लागली, आणि तो दिवसभर खूश असे.

एकदा एक पोरगा तुटक्या चपलेने आला. यानं आपले बूट काढून त्याला दिले, वर "पुढं कागदाचा बोळा घाल, ढिले होतीन" असा सल्लाही दिला. पोरगा मुलाखत देऊन घाईने खाली चहाला गेला, बुटांसकट. तेवढ्यात याची घंटा वाजली आणि हा नुसत्या मोज्यांवर आत गेला. पाणीवाल्या साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मंदिरात आला आहात का?" बाहेर येऊन त्यानं गुंडी सोडली, मान पुसली आणि मला म्हणाला, "चांगला झाला जी. आज तिसरे साहेबही बोलले."

संत्र्यांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. नरखेडकडचा म्हटल्यावर सूर्यवाले साहेब दर वेळी विचारायचे, "मग? संत्री नाही आणली?" साहेबाच्या थट्टेत किती थट्टा असते हे खेड्यातल्या माणसाला कसं कळावं? पुढच्या खेपेला आंबिया बहाराची टोपलीभर संत्री घेऊन तो आला. उन्हं उतरताना मला कागद घेऊन आत बोलावलं. तिघंही साहेब संत्री खात बसले होते. सालींचा ढीग एका उमेदवाराच्या साक्षांकित नकलांवर पडला होता आणि सूर्यवाले साहेब बिया नेम धरून त्याच ढिगात थुंकत होते. नकला त्याच्याच होत्या. त्याची बी.कॉम.ची गुणपत्रिका ओली होऊन पिवळी पडली होती. "गोड आहेत हं," साहेब मला म्हणाले, "घ्या एक." आणि मी घेतलं. खाल्लंही. टिंब त्या दिवशी दुसऱ्याच्याच नावापुढे होतं.

बाहेर तो उभाच होता. "गोड होते नं जी?"

"होते," मी म्हटलं. माझ्या बोटांना वास येत होता.

त्या दिवसापासून माझं मन त्या टेबलावरून उडालं. साहेबांना बोलायची छाती नव्हती. बायको-पोरं, प्रताप नगरात अर्धवट बांधलेलं घर, हे सगळं पाठीशी घेऊन कोण बोलतो? मग शहाणपण करायचं ते खालच्याशी. जानेवारीत तो असाच चौकशीला आला तेव्हा मी त्याला बाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. टिंब सांगितलं, नियम सांगितला, कोरम सांगितला. मला वाटलं, तो चिडेल, निदान कप तरी खाली आपटेल.

त्यानं कप अलगद खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे जी, माह्ये इंटरव्ह्यू खराब नव्हते होत?"

"नाही रे बाबा."

"मले वाटे, मलेच बोलता येत नाही." त्याचा चेहरा उजळलाच होता. "म्हशीपुढं उभा राहून प्रॅक्टिस करो जी मी. वहिनी हासे."

मला त्याचा राग आला. या माणसाला चार वर्षं आम्ही भरताड म्हणून वापरला आणि हा सुटल्यासारखा हसतोय. मी त्या रागातच म्हणालो, "फेब्रुवारीत अजून एक जागा आहे. तुझं नाव येईल, पत्रही येईल. पण या वेळी टिंब आत्ताच ठरलंय, कुणाच्या तरी भाच्याचं. तू येऊ नको."

"शेवटचंच हाय जी थे. मार्चात अठ्ठावीस पुरे होते मले."

"शेवटचं म्हणूनच सांगतो. निदान एकदा तरी यांचा कोरम होऊ नको. घरी राहा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुमी म्हनता तं नाही येत."

मी सायकलवरून शीळ घालत घरी गेलो. बायकोला म्हटलं, आज एक चांगलं काम केलं.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी व्हरांड्यात तिघंच आले. तीन म्हणजे नियमापुरते झाले. पण साडेअकरा वाजले तरी भाचा आला नाही. बारा वाजता फोन आला. त्याला बँकेत नोकरी लागली होती, त्याला आता ही नको होती. मोठे साहेब संतापले. जागा त्या आठवड्यात भरली नाही तर परत जाणार होती. मला आत बोलावलं.

"कोण कोण आहेत?"

मी तीन नावं वाचली.

"आणि तो कुठे आहे?" पाणीवाले साहेब म्हणाले. "नरखेडकडचा. दर वेळी येतो तो."

"हो, खरंच," सूर्यवाले म्हणाले. "त्यालाच देऊन टाकू ना आज. चार वर्षं येतोय बिचारा. टायपिंगपण आहे त्याचं."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्र गेलं होतं ना त्याला?"

आता वाचकहो, तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं. साहेब, मीच त्याला येऊ नको म्हटलं. साहेब, तार करतो, उद्या सकाळच्या आत हजर करतो. एक दिवस थांबा. एवढंच. पण तेवढं म्हणायचं तर टिंबाची गोष्ट मी बाहेर फोडली हे कबूल करावं लागलं असतं. माझी वाचा बसली असं म्हणणार होतो, पण तेही खोटं. वाचा चांगली शाबूत होती.

"गेलं होतं साहेब," मी म्हणालो. "आज गैरहजर आहे."

"मग आपण काय करणार," साहेब म्हणाले आणि रांगेतल्या पहिल्या पोराला जागा देऊन टाकली. बाहेर येऊन मी त्याच्या नावापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं. माझं अक्षर ऑफिसात चांगलं समजलं जाई.

नंतर तो मला एकदाच भेटला, एप्रिलमध्ये. पुढे कधी नाही. ऑफिस सुटायच्या वेळी जिन्याखाली उभा होता. कळमेश्वरच्या एका कारखान्यात गेटवर हजेरी घ्यायच्या कामाला लागलो म्हणून सांगायला आला होता. रोजंदारीवर. "तथी इंटरव्ह्यू नसते जी," तो म्हणाला. "उद्यापासून ये म्हने, झालं."

"आणि गाव?" माझ्या तोंडून गेलं.

"गावाले सांगून देल्लं, आता साहेब म्हनू नका. लाजले थेच."

तो जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांना वाट देत भिंतीला टेकला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी दिवसभर झोपलो जी. इंटरव्ह्यूच्या दिवशी झोपलो, चार वर्षांत पहिल्यांदा. लय बरं वाटलं. इतल्या ऑफिसाईत फिरलो मी, पन खरं बोलनारे तुमी एकच भेटले."

आता सांगावं असं एकदा वाटलं. ओठापर्यंत आलंही असेल. तेवढ्यात तो खाली वाकला आणि, शिपाई, कारकून, साहेब सगळे येत-जात असताना, त्यानं माझ्या दोन्ही पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.