कळशीवरचं नाव

इंटरनेटवर जुन्या वस्तू विकायचं मी ठरवलं तेव्हा आमच्या घरी कॉम्प्युटरही नव्हता. भांडी बाजारात मोडीत आलेल्या भांड्यांच्या ढिगातून मी पदरचे पैसे घालून एक पितळी कळशी आणली. तिच्या गळ्यावर कुणा बाईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, अक्षरं जुन्या वळणाची. सायबर कॅफेत बसून मी त्या नावाचा जवळून काढलेला फोटो साइटवर टाकला आणि महिनाभरात बंगलोरच्या एका गृहस्थांनी कळशी घेतली. माझं पहिलं गिऱ्हाईक.

पार्सल बांधायचं काम आईने हौसेने अंगावर घेतलं. खोका बंद करण्याआधी मी आत डोकावलो नाही, ही माझी चूक.

पंधरा दिवसांनी कळशी परत आली. जुनं नाव घासून काढलेलं होतं आणि त्या जागी मशिनने घातलेलं त्या गृहस्थांचं नाव होतं, आडनावासकट.

"दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोण वापरतं?" आई म्हणाली. "मी मुद्दाम बाजारात जाऊन त्याचं नाव घालून आणलं."

मी तिला समजावलं की त्या माणसाला त्या बाईचं नावच हवं होतं.

"का? त्याची कोण लागत होती ती?"



कळशी घरातच राहिली. पण परक्याच्या नावाचं भांडं आईला चालेना. दिवाळीच्या आधी तिने तेही नाव घासून माझं घालून आणलं. त्याखाली आणखी एक ओळ होती: आईकडून सप्रेम भेट.