हिरामावशीनं काचेला हळद लावली

हे मी आजवर कोनालाच सांगितलं नाय. बायकोला नाय, भावाला नाय. देवाला ठाऊक असंल — पन माझ्या तोंडून त्यालाबी गेलं नाय. आता पोरीचा मोबाईल समोर डब्याला टेकवून ठेवलाय. तिनं लाल टिकली दाबून दिली नि म्हनाली, बोला बाबा, तुमचे जोक साठवून ठेवू. आन् गेली पाण्याला.

जोक. बरं.

तर ऐक मोबाईला, दोस्ता. मी बाळ्या. तिसरीतनं शाळा सुटली म्हनजे मी सोडली नाय, शाळेनंच मला सोडलं. कान सुपाएवढे, अक्कल चिमटीएवढी. धसईपासनं मुरबाडपर्यंत कुठं हळद असली की लोक म्हनायचे, बाळ्याला बोलवा. मी लुगडं नेसायचो, व्याह्याची नक्कल करायचो, सासूचं रडं काढायचो. मान्सं पोट धरून हसायची. मला तेवढंच येतं रे. चार मान्सं हसली की मला वाटतं मी हाय.

आता हा असला मानूस सायबरमध्ये कसा? मुरबाडला एश्टी स्टँडच्या मागं वसंतशेटचं सायबर कॅफे होतं. झाडू मारायला, झेरॉक्स काढायला मला ठेवलेला. पहिल्या दिवशी शेट म्हनाला माऊस धर, तर मी दोन हातांनी धरला — पळंल म्हनून. एकदा कोनी नाय बघून झेरॉक्सच्या काचेवर गाल ठेवला नि माझाच गाल छापला. शेटनं तो कागद भिंतीला लावला. अक्षर मला वाचता यायचं नाय, पन चित्रं पाठ झाली. हे दाबलं की चालू, ते दाबलं की बंद. आन् एक लाल टिकली होती. ती दाबली की कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे चालतं, आवाजासकट, त्याची फीत बनायची. फॉर्म कसा भरायचा ते शेट असं भरून दाखवायचा नि ती फीत इंटरनेटवर चढवायचा. म्हनजे कॉलेजची पोरं रोज रोज डोकं खायची नायत. मी बाजूला उभा राहून बघायचो. बघून बघून शिकलो. टिकली दाबायची, थांबवायची, नको तो तुकडा कापायचा, वर चढवायचा. एवढं शिकलो मी आख्ख्या जन्मात — आन् तेच करून बसलो.

पन आधी हिरामावशी सांगायला पायजे.

हिरामावशी आमच्या गावची धवलारीन. लग्नात धवले गानारी. आमच्याकडं ती गायला बसल्याबिगर हळद लागायची नाय. सगळ्या देवांना नावानं हाका मारायची, नवऱ्यामुलाच्या सात पिढ्या गान्यात आनायची. माझ्या लग्नात तिनं माझे कान आनले होते — ह्या कानांचं सूप करा गो, तांदूळ पाखडा गो. मांडव हसून हसून आडवा. तू म्हनशील, त्याचा राग धरून बाळ्यानं केलं. नाय रे. सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. राग असता तर बरं झालं असतं, निदान कारन तरी असतं.

मावशीचा नवरा लवकर गेला. कुंकू नसलेल्या बाईनं हळदीला हात लावायचा नाय, ही रीत. ती गानार, हळद लावनार सवाशिणी. ती मांडवाच्या कडेला बसायची, दोन्ही हात पदराखाली. ज्या हळदीसाठी घसा फोडायची ती हळद तिच्या बोटाला कधी लागली नाय. आमी कुनी त्याचा कधी विचारच केला नाय.

तिचा एकच पोरगा, काशिनाथ. मस्कतला कामाला गेला. तिथंच एक नर्स मुलगी भेटली, शोभना, केरळाकडची. लगीन ठरलं ते तिथंच. रजा मिळाली नाय. काशानं शेटच्या फोनवर फोन केला, म्हनाला, आयचा धवला झाल्याबिगर मी अक्षता घेनार नाय. तिला कॉम्प्युटरसमोर बसव रे बाळ्या, मी तिकडनं बसतो, शोभनाबी बाजूला बसून बघंल.

मावशी आली ती दुपारची एश्टी धरून. शेट कल्याणला गेलेला. सायबरात मी एकटा. तिच्या हातात पितळेची वाटी, वर आंब्याचं पान झाकलेलं. मला वाटलं प्रसाद असंल. मी तिला खुर्चीत बसवली, कानाला ते हेडफोन लावले. ती म्हनाली, हे काय रे, बैलाला जू घातल्यागत. मी हसलो. पडद्यावर काशा आला, मोठा, पडदाभर. खाली कोपऱ्यात बारक्या चौकटीत मावशी. हे ध्यानात ठेव दोस्ता — आपल्या पडद्यावर समोरचा मोठा दिसतो नि आपन बारीक. काशाच्या पडद्यावर उलटं असनार, तिथं मावशी मोठी नि तो बारीक.

मला काय सुचलं काय ठाऊक. म्हनजे ठाऊक हाय. मला वाटलं, म्हातारी कॉम्प्युटरसमोर धवले गानार — कसली धमाल येईल. मी वाकून लाल टिकली दाबली.

तेवढ्यात तिनं वाटीवरचं पान काढलं. आत हळद. तेलात कालवलेली, गर्द. तिनं मागं वळून बघितलं, मग दाराकडं. हळूच म्हनाली —

"बाळ्या, कोनी बघत नाय ना रे?"

मी म्हनालो, "कोन नाय गो मावशे. मी नि तू."

टिकली चालू होती.

मग ती गायली. मी किती हळदी ऐकल्या असतील, पन तशी नाय ऐकली. गाता गाता तिनं पान हळदीत बुडवलं. काशानं तिकडं पँट वर करून गुडघा पुढं केला, जसा पाटावर बसलेला नवरा करतो. हिनं पान पुढं नेलं नि काचेवर, त्याच्या गुडघ्यावर, हळद लावली. मग खांद्याला. मग पान टाकून दिलं आन् बोटांनीच कपाळाला. तिला वाटलं, वर तो गोल डोळा हाय, तिथनं तो आपल्याला बघतो, म्हनजे तिथनं त्याला पोचंल. कॅमेऱ्याला लावली. कोपऱ्यातल्या चौकटीत तिची बोटं मोठी मोठी होत गेली नि सगळी चौकट पिवळी झाली. गानं चालूच. तिकडं काशा म्हनला, हेडफोनाबाहेर मलाबी ऐकू आलं, आये, डोळ्यातच लावलीस गो, तू दिसत नाय मला. आन् कपाळ चोळायला लागला. खरंच लागल्यागत. दोघंबी रडत होती नि हसत होती.

आन् मी? मी तोंडात बोळा कोंबला होता हसू दाबायला.

ती गेली. मी काच पुसली. मग बसलो नि फीत बघितली. आन् दोस्ता, इथं नीट ऐक. फितीच्या सुरवातीला ती विचारते कोनी बघत नाय ना, नि माझा आवाज येतो, कोन नाय गो मावशे. तेवढं मी कापलं. बरोबर तेवढंच. आन् बाकीची फीत वर चढवली.

लोक मला गंमत्या म्हनतात. मीबी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, गंमत केली रे, गंमत. पन गंमत करनारा आपला आवाज कशाला कापंल? हळदीत मी सासू झालो तेव्हा कधी तोंड लपवलं होतं का? म्हनजे मला ठाऊक होतं. कापतानाच ठाऊक होतं.

पहिले कॉलेजची पोरं हसली. मग ती फीत इंटरनेटवरनं मोबाईलात उतरली, ब्लूटूथनं ह्याच्यातनं त्याच्यात. नानेघाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. टोकावड्याच्या बाजारात एकानं मलाच दाखवली, बघ तुझी मावशी, टीव्हीला हळद लावते. मी हसलो. जोरात हसलो. नाय हसलो तर वळखतील, म्हनून.

हसन्याचं काय नाय रे, हसनं इरतं. पन बायकांनी हात बघितला. बिनकुंकवाच्या बोटांनी हळद लावली — पोराला, आन् तीबी पान टाकून. कोनी तोंडावर काय बोललं नाय. फक्त पुढच्या लगीनसराईला तिच्या दारात सुपारी आली नाय. त्याच्या पुढच्यालाबी नाय. धवले सीडीवर वाजायला लागले, मग डीजे आला. मावशी ओट्यावर बसायची. वरात गेली की आत जायची.

एक दिवस ती सायबरात आली. खुर्चीत बसली नाय, दाराशीच उभी. म्हनाली, बाळ्या, तू म्हनला होतास कोन नाय. मग हे बाहेर कोनी नेलं रे?

तेव्हाच सांगायचं होतं. तिनं थोबाड फोडलं असतं, शेटनं हाकललं असतं. बास. ह्यापलीकडं काय झालं असतं? पन मी म्हनालो — मावशे, इकडनं नाय. तिकडनं असंल. तुझी सून शिकलेली, कॉम्प्युटरवाली. हसली असंल मैत्रिणींत.

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हनाली, असं व्हय. आन् गेली.

त्या दिवसापासनं ती कॉम्प्युटरसमोर बसली नाय. काशाचा फोन आला की मला सांगायची, सांग त्याला, बरी हाय. काशा फोनवर शपथा घ्यायचा, आमी नाय केलं रे, शोभना रडते, आयला समजव. मी म्हनायचो, समजवतो. कधी समजवलं नाय. एखाद्यानं ती फीत नीट बघितली असती तर तिथंच कळलं असतं — काशा मोठा, मावशी बारीक, म्हनजे पडदा मुरबाडचा. पन लोक हळद बघत होते. काशानं तर ती बघितलीच नाय. कोनता पोरगा बघंल?

ती दोघं पहिल्यांदा गावाला आली तेव्हा शोभनानं वाकून पाया धरले. मावशीनं पाय मागं घेतले. मी अंगनातच होतो. वातावरन हलकं करायला मी कायतरी बोललो, सगळे हसले. मावशी नाय हसली, शोभना नाय हसली. सासू-सून एका घरात बोलल्या नायत त्या कधीच. मावशी गेली ती काशा मस्कतला असतानाच गेली. खांदा मी दिला. माझा खांदा.

आता काशा नि शोभना धसईलाच राहतात. किराणा दुकान हाय. शोभना आता आपल्यासारखंच बोलते, नाय नि हाय करते. मी गेलो की चहा ठेवते, भावजी म्हनते. गावात आजबी बायका तिच्या मागं बोलतात, सासूचं हिनंच जगात हसं केलं. तिला ऐकू येतं.

आन् ती फीत अजून वर हाय. आता खाली लोक लिहितात म्हने, काय आवाज, असे धवले कुठं राहिले आता. माझी पोरगी वाचून दाखवते. तिला ठाऊक नाय मी का ऐकतो.

परवा दुकानात गेलो. काशा माल आनायला गेलेला. शोभनानं चहा दिला. मग मोबाईल पुढं केला, त्यात मावशी गात होती. शोभना म्हनाली, "भावजी, मी ही आज पहिल्यांदा बघितली. ह्यात आई बारीक हायत नि हे मोठे. आमच्या पडद्यावर तर आई मोठ्या होत्या."

मी काय केलं असंल? जोक केला. म्हनालो, अगो वहिनी, इंटरनेटचं पानीच तसं, लांबचं मोठं दिसतं.

ती हसली नाय. चहात साखर राहिली होती घालायची. तिनं माझा कप मागं घेतला, साखर घातली, ढवळली, परत पुढं ठेवला. आन् गिऱ्हाईकाकडं वळली.

तो चहा मी प्यालो.

पोरगी आली वाटतं, कळशी ठेवल्याचा आवाज झाला. ती हे पहिल्यापासनं ऐकंल. हा मोबाईल घेऊन मी धसईला जानार हाय, दुकानात, काशाला नि शोभनाला ऐकवायला. तुकडा कसा कापायचा ते मला येतं. ह्यातला कापत नाय.